सात नंबरचा पलंग

मंगळवार, १४ तारीख
चादरींच्या खोलीतून, दुपारी

लाडके चिमे,

ताईचा भरभरून आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीनं दुखतात. दर पत्रात 'तू खुशाल असशीलच' असं लिहून मोकळी होते, आज मात्र विचारतेय. आहेस ना?

इथली खबर म्हणजे आमच्या भुतानं पुन्हा डोकं वर काढलंय. आमची हवेली तुला पत्रांतून पाठच आहे. दीडशे वर्षांची जुनी वास्तू, तिचं आता लॉज झालंय, आणि वरच्या मजल्यावरची सात नंबरची खोली भुताची म्हणून कायम बंद. निम्मे पाहुणे त्या भुतासाठीच येतात आणि मलाच विचारतात, "तुम्हाला कधी काही दिसलं का हो?" मी सांगते, बावीस वर्षं इथल्या खोल्या आवरतेय, मला फक्त ओले टॉवेल दिसतात.

पण गेल्या शुक्रवारपासून खरंच काहीतरी चाललंय. खालच्या खोलीतल्या पाहुण्या बाईंना डोक्यावर पावलं ऐकू आली. आचारी म्हणतो, रोज पाव कमी होतात. पहारेकरी एवढा मिशीवाला गडी, पण पोट दुखतंय म्हणून रजेवर गेला! मला आधी आचाऱ्याचा संशय आला, मेला स्वतःच खात असेल. मग पहारेकऱ्याचा आला, त्याला दिवसा झोपायला जागा हवीच असते. आणि मॅनेजरबाईंना थेट माझाच संशय, कारण सात नंबरची किल्ली माझ्या जुडग्यात असते. काल सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही कुणाला लपवून ठेवलंय का वर? बुधवारी सकाळी दहाला माझ्यासमोर खोली उघडायची. कुणी निघालं तर दुसरी नोकरी बघा." असा राग आला म्हणून सांगू! बावीस वर्षं राबून हे ऐकायचं?

म्हणून आज सकाळी मी एकटीच वर गेले. म्हटलं, जो कोणी असेल त्याचा कान धरूनच खाली आणते.

खोलीत कुणी नव्हतं. न्हाणीघराचं दार मात्र आतून लावलेलं. आणि पलंग नीट आवरलेला. आता अंथरूण आवरून ठेवणारं भूत तू तरी कधी ऐकलंयस का गं?

चादरीचे कोपरे खाली खोचलेले होते आणि पायाशी बोटभर सैल घडी सोडलेली होती. आमच्याकडे कुणी अशी घडी सोडत नाही, मॅनेजरबाईंना चादर ताठ लागते. ही दवाखान्यातली रीत. आई वॉर्डात आया होती, आजाऱ्याची पायाची बोटं दबू नयेत म्हणून ती अशी घडी सोडायची. तिनं घरी दोघींनाच शिकवली होती, आणि त्यातली एक तर पलंगापाशी उभी होती.

मी न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले, हात उचलला आणि तशीच परत फिरले. भुताला मी भीत नाही. दार उघडल्यावर तू माझ्याकडे कशी बघशील, याला भ्याले.

दोन वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन माझ्या दारात आली होतीस. गाल सुजलेला होता. मी तो पाहिला होता, चिमे. पाहिला नाही असं मनाला सांगत आले, ते खोटं. शेजारी काय म्हणतील म्हणून तुला आतसुद्धा घेतलं नाही. "संसारात थोडं सोसावं लागतं" असं म्हणाले आणि दार लावलं. त्यानंतर तू बोलली नाहीस. मी आपली पत्रं पाठवत राहिले, त्यात आचाऱ्याचे किस्से, भुताचे किस्से आणि सात नंबरमध्ये उघडणाऱ्या मागच्या जिन्याच्या दाराची कडी खालून रेटली की निघते ही गंमतसुद्धा. म्हणजे तू ती वाचत होतीस. एवढ्यावरच मी खूप रडलेय.

शनिवारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला, "ती तिकडे आलीय का?" मी म्हणाले, आमच्याकडे फक्त भुतं उतरतात. तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, तरी त्याला हेच उत्तर मिळेल.

मॅनेजरबाईंना आत्ताच सांगून आले की वर माझी बहीण आहे. पुढे काय व्हायचं ते होवो. उद्या दहाला तुला कुणी परक्यानं शोधून काढावं, हे मला चालणार नाही.

एवढं शेवटचं सात नंबरच्या बाहेर जमिनीवर बसून लिहितेय. या पाकिटाला तिकीट लावलेलं नाही, दाराखालून सरकवतेय. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी लावणार नाही. तुला वाटेल तेव्हा तूच उघड, आतून किल्ली लागत नाही. मग पुढच्या जिन्यानं, सगळ्यांदेखत, आपण आपल्या घरी जाऊ. आणि नाहीच उघडलंस, तर तेही मला कळेल.

या वेळी दाराबाहेर बसलेली,
तुझी ताई