पाटणला अडकलेली फाइल

सातारा,
८ जानेवारी १९९६

प्रियदर्शनीताईंना अल्लाबक्षचाचाचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला याचं कारण थंडी, असं लिहिणार होतो. पण सांगलीतही थंडी असेलच. इकडे क्षेम आहे. मेहरुनबीचे गुडघे धरलेत, आणि गुडघ्यांचा राग ती माझ्यावर काढते. वाचनालयात पेन्शनर मंडळी सकाळी आठाला हजर असतात. पेपरातली मोठी बातमी कुणी आधी वाचायची, यावरून परवा एका सुभेदारानं दुसऱ्यावर काठी उगारली. आमच्या गुंडा शिपायानं पेपर फाडून दोघांना अर्धा अर्धा दिला. आमच्याकडची हिंसा ही एवढीच.

प्रबुद्धच्या हाताचं दुसरं ऑपरेशन झालं, असं तुम्ही लिहिलंत. तीन बोटं जोडली, दोन गेली. डाव्या डोळ्याचं अजून काही सांगत नाहीत. तो तुमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून पडतो, म्हणालात. तुम्ही भाकरी कुस्करून दिली तर खात नाही, नर्सनं दिली तर खातो. कारण ‘जनार्दन घाटमाथे’ हे टोपणनाव त्याचं, हे ठाऊक होतं दोघांनाच: मिरजेच्या छापखानेवाल्याला आणि सख्ख्या बहिणीला. छापखानेवाला गेल्या पावसाळ्यातच वारला. उरलात तुम्ही.

तिसरं कुणी असेल का, असं तुम्ही मला विचारलंत.

ताई, आपल्या कामाबद्दल जरा लिहितो. दोन जिल्ह्यांतली आपली बारा वाचनालयं, आणि एका लेखकाचं एकच कार्ड. ज्याला माहिती आधी मिळेल त्यानं कार्ड करायचं, बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं. टोपणनाव असेल तर त्याच्यापुढं खरं नाव लिहायचं. फिरती फाइल साताऱ्याहून एस.टी.नं निघते: पाटण, कऱ्हाड, इस्लामपूर, करत करत शेवटी सांगलीला तुमच्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी हरकत असेल तर लिहायची, नसेल तर सही ठोकायची. पंधरा वर्षं आपण हे बिनबोभाट केलं. सरकारला पत्ता नाही, म्हणून तर नीट चाललं. टोपणनावं उलगडण्यात तुमचं सांगली एक्केचाळीसवर, आमचं सातारा सदतीसवर. दर दिवाळीला तुम्ही मला त्यावरून चिडवता.

तुम्ही आणखी एक लिहिलंत. ओढ्याच्या पुलावर त्या चौघांनी प्रबुद्धला धरलं, तेव्हा हाणण्याआधी एकानं दुसऱ्याला विचारलं, “ह्यो कऱ्हाडचा कंडक्टर न्हाई न्हवं?” आणि दुसरा म्हणाला, “न्हाई रं, मास्तरच हाय ह्यो. खात्री केलीया.” याचा अर्थ काय, चाचा, असं तुम्ही विचारलंत.

मला अर्थ लागला नाही, असं लिहिलं होतं. मग ते पान फाडलं.

गुडघ्यांसाठी मेहरुनबीला कुणीतरी निरगुडीचा पाला सांगितलाय. आज एवढंच. पुढचं पत्र नीट लिहीन.

आपला,
अल्लाबक्षचाचा


सातारा,
२९ जानेवारी १९९६

प्रियदर्शनीताई,

जयभीम लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. जयभीम.

तिसरा माणूस मी.

‘गायरानातली राख’ लिहिताना प्रबुद्ध चार महिने दर रविवारी आमच्याकडे जुनं दप्तर वाचायला यायचा, हे तुम्हाला माहीत आहे. घोटमाळच्या गायरानातल्या सहा झोपड्या कुणी पेटवल्या, चंद्राबाई आत असताना बाहेरून कडी कुणी लावली, ते त्यानं पाटणच्या हंबीररावांचं नाव घेऊन लिहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मला दिली आणि म्हणाला, “चाचा, हे तुमच्यापुरतं.” मी म्हटलं, “अरे, मी ग्रंथपाल. आमच्यासारखं गप्प कोण?” मी वाचनालयाइतका मुका आहे अशी त्याची समजूत. म्हणून त्यानं मला मोजलंच नाही आणि संशय तुमच्यावर गेला.

पाच महिने मी खरोखर गप्प होतो. मग नोव्हेंबरात फाइल निघायची वेळ झाली आणि माझ्या डोक्यात अडतिसावं नाव वळवळायला लागलं. त्यातही नाव तुमच्या भावाचं. ते तुमच्याच खणात, माझ्या अक्षरात, शेवटच्या मुक्कामी तुमच्यासमोर यायचं. तुम्ही चकित व्हाल, हसाल, असं वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं असं काही वाटून घ्यावं, यालाच बहुतेक विद्वत्ता म्हणतात. मी कार्ड लिहिलं: घाटमाथे, जनार्दन, पाहा भिंगारदिवे, प्रबुद्ध. खाली आधार लिहायचा आपला नियम. मी लिहिलं, ‘लेखकाने स्वतः सांगितले.’

फाइलचा पहिला मुक्काम पाटण. तिथल्या वाचनालयाला हंबीररावांच्या वडिलांचं नाव, अध्यक्ष स्वतः हंबीरराव. हे मला माहीत नव्हतं का? होतं, ताई. पण पंधरा वर्षांत कोणत्याही अध्यक्षानं कार्ड उघडून वाचलं नव्हतं. अध्यक्ष हार घेतात, नारळ फोडतात, जिथं बोट दाखवू तिथं सही करतात. माझ्या हिशेबी ते वाचणाऱ्यांत नव्हतेच.

फाइल पाटणहून पुढं गेली नाही. आली ती एक चिठ्ठी. हंबीररावांच्या हातची, सही-शिक्क्यासह: ‘या नावाचे दोन इसम आहेत. पैकी कोणते ते खुलासेवार कळवावे.’

आता खरं ते ऐका, कारण हे मेहरुनबीलाही सांगितलेलं नाही. ती चिठ्ठी वाचून मला आनंद झाला. एका नावाचे दोघे असतील तर त्यांची फारकत केल्याशिवाय कार्ड पक्कं करायचं नाही, हा आपला नियम मी बारा ठिकाणी घसा फोडून सांगितला होता, आणि तो अखेर एका अध्यक्षानं पाळला! मी गुंडाला चहा पाजला. त्याच दुपारी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: कऱ्हाडचे एस.टी. कंडक्टर नव्हेत. प्रबुद्ध तुकाराम भिंगारदिवे, जन्म १९६७, प्राथमिक शिक्षक, घोटमाळ.

हे अकरा डिसेंबरला. एकोणीसला शाळा सुटल्यावर पुलावर त्यांनी त्याला विचारलं, “घाटमाथे गुरुजी, लिवता कंच्या हातानं?” हात कठड्यावर धरला आणि लोखंडी पाइप घातला. पाचही बोटं एकेक करून. त्या कंडक्टरला कुणी बोट लावलं नाही. माझं कार्ड अगदी अचूक होतं.

तुमचं पत्र आल्यापासून ती चिठ्ठी मी चष्म्याच्या घरात घालून फिरत होतो. दोनदा संगम माहुलीला गेलो. कृष्णेवर उभा राहून फाडायची होती. हंबीरराव सगळ्यांना सांगत होते की घाटमाथे कोण ते आपल्याला ठाऊकच नाही, मग मारायला माणसं कशाला धाडू? त्यांना ठाऊक होतं याचा जगात एकच पुरावा, आणि त्याच पुराव्यानं मीही उघडा पडणार. फाडली नाही ती सद्बुद्धीमुळं नव्हे. माझ्या हातून कागद फाटत नाही, इतकंच.

बावीस तारखेला, भर अकरा वाजता, तिघे आले.

“शिकलगार कोण रं?”

“मीच. चपला बाहेर काढा.”

पहिली थप्पड चपलांबद्दल होती.

“आवं शिकलगार, आमच्या रावांची एक चिठ्ठी हाय तुमच्यापाशी. द्या की.”

“इथं चाळीस हजार कागद आहेत. कोणती?”

“लय इनोदी हाय म्हातारा. दात किती तुमास्नी?”

“अठ्ठावीस.”

त्यानं खणाचा लोखंडी दांडा ओढून काढला आणि तोंडावर मारला. “आता मोजा. कार्ड चुकाय नगं.”

एकाहत्तरच्या लढाईत छांबला रणगाड्यासमोर उभे राहिलेले आमचे सुभेदार पेपराआड गेले. एकटा गुंडा मधे पडला. त्याला त्यांनी खुर्चीनं हाणलं. दोन बरगड्या मोडल्या. मग खण उपसले, पंधरा वर्षांची कार्डं अंगणात ओतली आणि रॉकेल टाकलं. माझ्या मानेवर पाय देऊन मला ते पाहायला लावलं.

ताई, आग भडकली तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. चिठ्ठीही त्यातच जळाली, असं सांगता येईल. कुणी विचारणार नाही. तुमच्या भावानं भिंतीकडं पाहत राहायचं, तुम्ही दाराशी उभं राहायचं, आणि मी तुम्हाला गुडघ्यांच्या बातम्या लिहायच्या. चष्म्याचं घर तेव्हा माझ्या छातीखाली होतं.

ते गेल्यावर गुंडाला रिक्षात घालत होतो. बरगडी धरून तो विचारतो, “चाचा, त्यास्नी पायजे हुती ती चिठ्ठी गावली न्हाई न्हवं?” मी म्हटलं, नाही. “मग बरं झालं,” म्हणाला. कशाची चिठ्ठी, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. मार मात्र माझ्या वाटचा खाल्ला.

तिथून मी घरी गेलो नाही. रक्ताच्या शर्टानंच डीवायएसपींच्या कचेरीत गेलो आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं. “आणि उत्तर कुणी दिलं?” “मी.” “हे लिहून द्याल?” दिलं. हंबीररावांना परवा उचललं. सोमवारी, पाच तारखेला, न्यायाधीशांसमोर माझा जबाब आहे. वाचनालयाच्या मंडळानं मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय. ठरावात माझं वर्तन ग्रंथालयाच्या प्रतिष्ठेला बाधक म्हटलंय. सतरा वर्षांत मंडळानं काही अचूक लिहिल्याचा हा पहिलाच प्रसंग.

चिठ्ठीची झेरॉक्स सोबत आहे. मी लिहिलेल्या उत्तराची नक्कलही आहे. दोन्ही प्रबुद्धसमोर धरा, उजवा डोळा उघडा असेल तेव्हा. हे पत्रही वाचा, त्यातला आनंदाचा भाग गाळू नका. मग तो तुमच्या हातची भाकरी खाईल. मला तेवढं कळवा. बाकी काही कळवू नका.

माफी मागत नाही. दोन बोटांना पुरेल अशी माफी मला लिहिता येत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर सगळ्या द्या, पण मंगळवारी. सोमवारी मला पाटणच्या माणसांसमोर सरळ उभं राहायचं आहे, आणि माझी मान अजून धड वळत नाही.

ज्यानं तुमच्या भावाचा पत्ता दिला तो,
अल्लाबक्ष शिकलगार