आजी रागावली नव्हती

प्रिय सुमन,

तू गेल्याला चार वर्षं झाली, मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात आपल्या नातीने शाळा सोडली. सतरा वर्षांची जुई, दहावीची परीक्षा न देताच दप्तर तळघरात टाकून आली.

आपण इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला मुलाकडे राहायला आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती, आठवतं? केवढी बडबड! तू वेणी घालताना कविता म्हणायचीस आणि कडवं संपलं की ती तुझ्या गुडघ्यावर थाप मारायची. मी दारात उभा. डोळ्यांपुढे माझा जुना वर्ग, खिडकीतलं ऊन, सगळे गळे एका चालीत...

मग तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पोरीचं जर्मन कच्चं आहे, घरात मराठी बंद करा.

मिलिंद कुरकुरला, "बाबा, असं कुठे असतं का?"

मी जन्मभर मास्तर! "बाई सांगतात ते ऐकायचं," मी गरजलो. पालकांनी उलट बोललेलं मला कधी खपलंय?

तू एवढंच विचारलंस, "अहो, मला दुसरं येतं तरी काय? पोरीशी बोलू कशी?"

"खुणांनी बोल," मी म्हणालो. आणि हसलो, सुमन!

का ऐकलंस गं? आमटीत तिखट कमी घाल म्हटलेलं कधी ऐकलं नाहीस, आणि नेमकं हेच? सात वर्षं मुक्याने वेण्या घातल्यास. एकदा चुकून ओळ गुणगुणलीस, तर मी ओठांवर बोट ठेवलं. वर्गातली सवय.

घरातली मराठी गेली. उरलं मुलासुनेचं ऑफिसातलं मोडकं जर्मन. पोरीला धड एकही भाषा मिळाली नाही. इथे चौथीनंतर कोणी कुठल्या शाळेत जायचं ते बाई ठरवतात; त्याच बाईंनी तिला कच्च्या मुलांच्या, खालच्या शाळेत धाडलं.

दप्तर टाकलं त्या दिवशी मी चिडून विचारलं, "आजी असती तर काय म्हणाली असती?" मिलिंदने तिला अर्थ सांगितला. तिचं उत्तर मला सांगताना मात्र त्याची मान खाली होती. "ती म्हणते, काहीच नाही. आजी माझ्याशी बोलायचीच नाही. मी तिला आवडत नव्हते."

बरं झालं, तू नव्हतीस.

सोमवारपासून जर्मनच्या वर्गाला जातोय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शेवटच्या बाकावर! बाकीचे पाव मागायला शिकतात. मी तिथल्या बाईंकडून जर्मनमध्ये एकच वाक्य लिहून घेतलं: आजी रागावली नव्हती, तिला मी गप्प केलं. कवितेसारखं चालीत घोकतोय.

मिलिंदला मध्ये न घालता जुईच्या तोंडावर म्हणेन, हा शब्द देतो. मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं, तर मी खुणासुद्धा करणार नाही.

तुला गप्प बसवणारा,
तुझा 'अहो'