चांद्याहून सावकाश आलेला शब्द

बाबा, गेल्या आठवड्यापासून मी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायला शिकते आहे. पंचाहत्तरी उलटल्यावर! गडचिरोलीत आमच्या घराजवळ बायकांसाठी फुकट वर्ग निघाला आणि नातीने परस्पर माझं नाव घातलं. शिकवणारी मुलगी नातीच्याच वयाची. ती म्हणाली, ह्या यंत्राला आपल्या मनातलं काही कळत नाही, जे सांगाल तेवढंच ते करतं. मी एका बोटाने दोन ओळी टाइप केल्या आणि यंत्राने लाल अक्षरांत चूक दाखवली. ती मागून वाकून म्हणाली, "आजी, अक्षरं सारी बरोबर आहेत. दुसऱ्या ओळीच्या आधी जागा सोडायची राहिली. इथी रिकामी जागाही मोजल्या जाते." मी जागा सोडली, बटण दाबलं, आणि 'नमस्कार' हा शब्द एकाखाली एक, पडदाभर उमटत गेला. शेजारच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र बाहेर येऊन पायरीवर बसले. मुलगी पाणी घेऊन धावत आली, "काय झालं आजी, बीपी वाढला का?" तिला काय सांगणार? तुम्हालाच सांगते.

रिकामी जागा मोजायला मला आधी तुम्ही शिकवलं होतं. नदीपलीकडे तेलुगू मुलूख असलेल्या सिरोंच्याचं पोस्ट, त्याच्याच पाठीला आपली क्वार्टर, मधे एक भिंत. भिंतीपलीकडे तारेचं यंत्र दिवसभर कटकटायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही मला टेबलाशी बसवून डब्याचं झाकण वाजवायचात. "आवाज नोको ऐकू. दोन आवाजाच्या मधातली जागा ऐक. लहान जागा म्हणजे ठिपका, मोठी म्हणजे रेघ." माय चुलीपाशून ओरडायची, "पोरीले काऊन शिकवून राह्यले? तिले कोन तारबाबू करनार हाये?" तुम्ही हसून म्हणायचात, "कटकट तं ऐकतेच ना ते, मंग समजून ऐकू दे." इंग्रजी अक्षरं मला त्या आवाजातूनच आली, कागदावर नंतर. पण खरी तार सुरू झाली की काही सापडायचं नाही. एखादं अक्षर हाती लागायचं, तोवर पुढची चार निघून गेलेली असायची.

तो भाद्रपद होता. नद्या फुगलेल्या, चांद्याचा (आता चंद्रपूर म्हणतात) रस्ता बंद, टपाल खोळंबलेलं. दादा चांद्याला हायस्कुलात होता, बोर्डिंगात राहायचा. त्याला ताप येत होता, पण उतार पडतो आहे असं शेवटच्या पत्रात होतं. दुपारी मी पोस्टाच्या मागच्या ओट्यावर कोळशाने चित्रं काढत बसले आहे. यंत्र वाजायला लागतं. आज ते नेहमीसारखं पळत नाही, थांबत थांबत वाजतं. मी कान देते. ई. एक्स. पी. एकेक अक्षर येऊन जणू माझ्याजवळ बसतं. मी ते ओट्यावर लिहीत जाते. आय, आर, ई, डी. मग रेघेहूनही मोठी जागा. म्हणजे शब्द संपला. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा शब्द माझ्या हाती लागला होता. मी उड्या मारत आत आले, "बाबा, मले पुरा शब्द आला!" आणि एका दमात सगळी अक्षरं म्हणून दाखवली.

तुमच्या हातात पेन्सिल होती. तुम्ही ती टेबलावर ठेवलीत. मग म्हणालात, "बरोबर हाये. एकही चुकलं नाई."

"त्याचा अर्थ काय होते?"

"सांगतो. मायचं जेवन झालं का?"

"आता बसली."

"मंग तिले जेवू दे. मंग ते कितीक दिवस जेवनार नाई."

मला काही कळलं नाही. मी ओट्यावर परतले आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला, एकाखाली एक, ओटा भरेपर्यंत. आतून मायच्या ताटाचा आवाज येत होता. अंबाडीची भाजी आणि भात. तिने आणखी भात वाढून घेतला. तुम्ही बाहेर आलात, खाली बसलात आणि माझं सगळं लिहिणं दोन्ही तळव्यांनी पुसून काढलं. तेच काळे हात घेऊन तुम्ही तिच्याकडे गेलात.

चांद्याच्या बाबूने ती तार सावकाश का पाठवली, ते मला फार उशिरा उमगलं. तो तुम्हाला ओळखत होता. त्याचा हात चालत नसणार. म्हणून तर माझ्यासारख्या नवशिकीला 'एक्सपायर्ड', गेला, हा शब्द सापडला.

नदीने कोणाला जाऊ दिलं नाही. दादाला तिथल्याच लोकांनी पोचवलं. तेराव्यानंतर मायने तुम्हाला एकदाच विचारलं, "मी जेवून राह्यली होती, तवा तुमाले ठाऊक होतं?" तुम्ही हो म्हणालात. त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. तुम्ही घरात असा-नसा, शेवटपर्यंत. तुम्ही चांगल्यासाठी केलं होतं, हे तिलाही कळत होतं असं मला वाटतं. पण पाठ काही वळली नाही.

तुम्ही मला शिकवणं बंद केलंत. झाकण डब्यावर गेलं. मीही कधी मागितलं नाही.

वर्गाला मी उद्या जाणार आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि नातीला मी ते वाचून दाखवणार नाही. पण एक सांगायचं राहिलं. मी शिकणं सोडलं नव्हतं. त्या भिंतीला पाठ लावून मी तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची. हळूहळू पळत्या तारासुद्धा सापडायला लागल्या. कोणाचा जावई गेला, कोणाला नातू झाला, तुम्ही कागदावर उतरवायचात तेव्हाच मला कळायचं. मग विहिरीवर तीच बाई, तार अजून हाती न पडलेली, तेलुगूत हसत-बोलत पाणी काढत असायची, आणि मी तिची घागर उचलून द्यायची. शिपायाच्या हाती तार देऊन तुम्ही खिडकीशी उभे राहायचात. अख्ख्या गावात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं तुम्हाला वाटत असणार.

तसं नव्हतं, बाबा. भिंतीच्या अलीकडे मीही होते.