बंबाला हात लावू नकोस

॥ श्री ॥

ॲथलोन, आयर्लंड
बुधवार, ६ जानेवारी २०२१

चि. सौ. शुभदास थोरल्या जावेचे पोटभर आशीर्वाद. प्रल्हादभावजींनाही आशीर्वादच (वयाने ते माझ्याहून दोन महिन्यांनी मोठे आहेत, पण नात्याने मी मोठी, आणि हा हक्क मी सोडणार नाही). तुझे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळतेस की नुसतं चोळते म्हणतेस? इकडे आम्ही बरे आहोत. थंडी अशी आहे की खोबरेल तेल चाकूने कापून डोक्याला लावावं लागतं. दीड महिन्यासाठी म्हणून सारंगकडे आलो, त्याला अकरा महिने होतील. तिकीट दोनदा रद्द झालं. बाहेर पडायचं तर घरापासून पाच किलोमीटर, पुढे बंदी. सारंग आम्हाला गाडीने तळ्यावर नेतो, तिथला बाक यांनी फोनवर मोजून पाहिला तर पाच किलोमीटरच्या दहा पावलं पलीकडे निघाला. तेव्हापासून मी बाकावर बसते आणि हे दहा पावलं अलीकडे उभे राहून माझ्याशी बोलतात.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, इथे फोन टेबलावर उताणा ठेवतात आणि सगळे मिळून बोलतात. सारंग एकीकडून, सूनबाई यामिनी दुसरीकडून, रेवा मध्ये डोकं घालते, आणि हे समोर बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात. मनातलं बोलायला पत्रच बरं. आमच्या गल्लीतली डॉक्टर विभावरी, इथल्या दवाखान्यातला करार संपला म्हणून परवा दिल्लीमार्गे घरी निघाली आहे. तिचा भाऊ अमरावतीहून रविवारी देवखेडला येऊन हे पत्र तुझ्याच हातात देईल. त्याला चहा दे, बिनसाखरेचा.

तर विषय यांच्या रिव्हॉल्व्हरचा. तू या घरात आलीस तेव्हापासून ते पाहते आहेस, म्हणजे त्याची पेटी पाहते आहेस. कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी चौऱ्याऐंशी साली पगाराची थैली बँकेतून आणायची म्हणून यांना परवाना काढून दिला. पुढे थैली बंद झाली, जिनिंग बंद झालं, मालकही गेले. परवाना तेवढा राहिला. छत्तीस वर्षांत त्यातून एक गोळी सुटली नाही, पण कलमं किती सुटली याची गणती नाही. परवाना बँकेत जाण्यासाठी, आणि बँकेच्या दारावर पाटी, शस्त्र घेऊन आत येऊ नये. बाहेर शिपायाकडे ठेवावं तर परवाना नसलेल्याने हातात धरणं हा गुन्हा. मग हे पायरीवर उभे आणि कॅशियर बिचारा थैली घेऊन बाहेर यायचा, म्हणजे धोका होता तो त्या कॅशियरला. माझ्या भाचीच्या लग्नाचं तर तुला माहीतच आहे. लग्न यवतमाळला, परवाना आपल्या जिल्ह्यापुरता, आणि पेटी चुकून बॅगेत आलेली. हे हद्दीवरच्या शेवटच्या गावाला एसटीतून उतरले. संध्याकाळी परत येताना आम्ही त्यांना हॉटेलातून उचललं, तेव्हा भजी खाऊन पोट बिघडलेलं. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या होत्या, यवतमाळकडे तोंड करून. हॉटेलवाल्याने मला स्वतः सांगितलं.

बरं, नियमाला एक रीत असावी की नाही? एकोणीस साली लोकसभेला हे माफीचा अर्ज घेऊन ठाण्यावर गेले, तर जमादार म्हणाले, काका, तुमच्यासारख्यांना माफी आहे, घरीच ठेवा. विधानसभेलाही तेच. देशाचं सरकार पुन्हा आलं, राज्याचं बदललं, तरी आपल्या कपाटाचं कुलूप निघालं नाही. आणि आता अकरा मेंबरांच्या ग्रामपंचायतीला म्हणे शस्त्र जमा केलंच पाहिजे. तू नोटिशीचा फोटो पाठवलास, तो यांनी मोठा करून छापून घेतला आहे आणि लाल पेनाने खुणा केल्या आहेत. जमा केलं नाही तर गुन्हा. परवानाधारकाशिवाय कोणी नेऊन दिलं तर गुन्हा. आणि परवानाधारक पाच किलोमीटर ओलांडून निघाला तर तो इथला गुन्हा. सारंग म्हणतो, बाबा, तुम्ही घरात बसून तीन गुन्हे करता आहात.

कायद्याच्या बाबतीत हा माणूस बायकोचीही गय करत नाही, हे मी गेल्या जुलैत अनुभवलं. प्रवासाला निघताना तू मला तिखटाचा फवारा दिला होतास ना, मेडिकलच्या दुकानातून, चोराच्या डोळ्यात मारायला? तो पापडाच्या मोठ्या बॅगेतच राहिला होता. यामिनीने पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. इथे तो फवारा बंदुकीच्या कायद्यात बसतो. म्हणजे छत्तीस वर्षं पेटी सांभाळणारे हे निःशस्त्र, आणि पापडाबरोबर फवारा घेऊन आलेली मी सशस्त्र. यामिनी म्हणाली, आई, गुपचूप विल्हेवाट लावू. हे म्हणाले, गुपचूप हा शब्द या घरात चालणार नाही. आणि मला घेऊन पोलिसांत गेले. दुभाषी म्हणून रेवा. (नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्यासारखं हेल काढून इंग्रजीत.) तोंडाला मास्क लावलेला म्हातारा काचेपुढे उभा राहून आधी माझा फवारा ठेवतो आणि मग सांगतो, शिवाय माझ्याकडे एक रिव्हॉल्व्हर आहे. मी डोळेच मिटून घेतले.

काचेपलीकडे आपल्या सारंगहून लहान अशी एक पोलीस मुलगी होती. तिने शांतपणे विचारलं, कुठे आहे? यांनी गळ्यातला काळा दोरा ओढून किल्ली दाखवली आणि सांगितलं, देवखेडला, कपाटात. परवानाधारकाने राहण्याची जागा बदलली तर तिथल्या ठाण्यात वर्दी द्यावी लागते, तेवढी द्यायला आलो आहे. रेवा पुटपुटली, "आजोबा, दॅट्स नॉट अ थिंग हिअर." पण त्या मुलीने परवान्याचं पुस्तक पानन् पान पाहिलं, मराठी शिक्क्यांसकट. फवारा ठेवून घेतला, मला रागावली नाही. यांनी मात्र तिच्या कमरेला पिस्तूल नाही हे पाहून तिची काळजी केली. ती म्हणाली, आम्ही बहुतेकजण बाळगतच नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "पोलिसाकडे नाही आणि माझ्याकडे आहे." त्यात अभिमान किती आणि लाज किती हे मला कळलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बायकोला तिखटासाठी पोलिसांत नेतात का कुणी?

पण शुभदा, माणूस वाईट नाही गं. सतराच्या दिवाळीत, बायपास होऊन सहा महिने झाले होते, हे एकटेच बाजारात गेले आणि पितळी खलबत्ता घेऊन आले. आयुष्यात कधी भांड्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. मी तेव्हा वेलची वाटीच्या बुडाने चेचत असे. ओट्यावर ठेवला आणि पेपर वाचायला बसले. दसऱ्यालाही बघ ना, शस्त्रपूजनाला पेटी आणतात, हळदकुंकू, फूल, सगळं. आधी पेटी उघडून पूजा असे, अलीकडे उघडत नाहीत, धूळ जाते म्हणतात. या दसऱ्याला इथे पेटी नव्हती तर परवान्याच्या पुस्तकाला फूल वाहिलं आणि रेवाला प्रसादाचा पेढा दिला. ती आता त्या पुस्तकाला देव समजते.

तर सध्या अडलंय ते इथे. फौजदार भला माणूस. म्हणाले, काकांनी अधिकारपत्र पाठवावं, प्रल्हादराव दोन पंचांसमोर कपाट उघडतील, आम्ही पेटी घेऊन जाऊ. भावजी तर म्हणाले, "दादा, किल्ली बी नको, एक घण घालतो अन् मोकळं करतो." यात वाईट काय होतं? हे म्हणाले, अशी तरतूद नाही. चार पानी अर्ज केला. त्यावर उत्तर आलं, तर त्यावर सहा पानी. सारंग चिडला, यामिनीने हात जोडले. एरवी शांत असतात, पण कपाट उघडायचं नाव काढलं की ताटावरून उठतात. कायद्याचं एवढं प्रेम मी जमादारातही पाहिलं नाही. आता ठाण्याने कळवलंय की मंगळवारी, बारा तारखेला, पंचांसमोर कुलूप तोडणार. तेव्हापासून हे जेवत नाहीत नीट. मीही नाही.

असो. संक्रांतीला माझ्या वाटची सुगडं तू पूज. बाकी काही विशेष नाही.

तुझी
अलकनंदा

ता. क. परवा फोनवर तू म्हणालीस की भोगीच्या आत माळा झाडून जुनी भांडी मोडीत देणार आहेस. मी तुझ्याकडे ठेवायला दिलेला तांब्याचा बंब मोडीत देऊ नकोस. उतरवू नकोस. हलवूही नकोस. त्याचं तोंड मी फडकं घालून सुतळीने बांधलं आहे, ते सोडू नकोस.

ता. क. दुसरा. हे उभ्याने वाचू नकोस, खाली बस. रिव्हॉल्व्हर कपाटात नाही. त्या बंबात आहे. तुझ्या माळ्यावर, साडेतीन वर्षं. मला माफ कर. वरच्या सगळ्या कलमांत तू केव्हाच सापडली आहेस. (काडतुसांना भिऊ नकोस, ती कपाटातच आहेत.) बायपासनंतर यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी त्यांनी ती मागितली. एरवी औषध-पाणी मागत तशी नाही गं. भिंतीकडे पाहत म्हणाले, आता माझा कुणाला काय उपयोग, किल्ली दे. मी म्हटलं, कुठे ठेवली ते आठवत नाही, शोधते. ते झोपल्यावर पेटी उघडली, ते काढलं, आणि आत काय ठेवू सुचेना तर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. वजन साधारण तेवढंच भरलं. मग किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी बंब तुझ्याकडे पाठवला.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच लिहिलं. मंगळवारी पेटीत बत्ता निघेल. तुरुंगाची मला भीती नाही, फवाऱ्यासाठी नेलं तसं हे स्वतःच मला नेतील. भीती एवढीच की मी ते का काढलं हे त्यांना कळेल. त्या दुपारी त्यांचं काय झालं होतं ते कुणाला दिसलं नाही असं त्यांना वाटतं. तसंच वाटू दे. तू पंचांना सांग, वहिनीला ज्योतिषाने सांगितलं होतं, घरात लोखंड ठेवू नका, शनी आहे. मला अडाणी ठरव. गावात हसू झालं तरी चालेल. पत्र वाचून बंबात नको, चुलीत घाल.

चि. सौ. शुभदास आशीर्वाद. अक्षर बदललं आहे. मी पुरुषोत्तम. हे पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडणं गुन्हा आहे, माहीत आहे. या घरातलं प्रत्येक पाकीट आजवर मी चिकटवलं. हे तिने स्वतः चिकटवलं, तेव्हाच काय ते समजलो.

किल्ली हातात आली त्याच दुपारी मी पेटी उघडली होती. कशासाठी, ते तिने बरोबर ओळखलं होतं. आत बत्ता. बराच वेळ तिथेच बसलो. मग हसू आलं. बायपासनंतरचं ते पहिलं. पेटी पुन्हा बंद केली. तीन दसरे मी त्याची पूजा केली ती जाणून. पेटी उघडत नव्हतो ते धुळीसाठी नाही, तिच्यासमोर बत्ता निघू नये म्हणून. कपाट उघडू दिलं नाही तेही नियमासाठी नाही. पंचनाम्यात तिचं नाव आलं असतं. फवाऱ्याबद्दल ती रागावली आहे, ते योग्यच आहे.

ठाण्याला आज अर्ज लिहिला आहे, उद्या सारंगकडून पाठवीन. निघण्यापूर्वी सुरक्षिततेसाठी शस्त्र मी स्वतः प्रल्हादच्या माळ्यावर बंबात ठेवलं, ते ताब्यात घ्यावं आणि परवाना रद्द करावा, असं त्यात आहे. सरकारला खोटं लिहिण्याची ही पहिलीच वेळ. मंगळवारी फौजदारांना माळ्यावर न्या. त्यांचं ते काढून घेतील. तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही.

किल्ली पाकिटात आहे. सोमवारी कपाट उघडून बत्ता काढ आणि आमच्या स्वयंपाकघरात जुन्या खलात ठेव. ती आल्यावर विचारील, कुठे सापडला. इथेच होता म्हण.

यातलं काही तिला कळवू नकोस. दोरा रिकामा दिसू नये म्हणून रेवाच्या जुन्या सायकलच्या कुलपाची किल्ली गळ्यात घातली आहे. वजन साधारण तेवढंच भरतं.