तोरणाची तार आणि कॉइलची पक्कड

११ ऑक्टो. २००५, मंगळ. खंडेनवमी.
ऑपरेशन थिएटरात हत्यारांची पूजा. भंगारातल्या कात्र्या, चिमटे मांडू म्हटलं, पण डॉक्टरसरांना चालू हत्यारंच हवी. बरं. हळदकुंकू पुसीन, उकळीन. हात धुऊन येते तर सर स्टुलावर चढलेले, अन् तोरणाची तार कापताहेत कॉइलच्या पक्कडीनं! लघवीच्या वाटेत जी स्प्रिंगसारखी नळी बसवतो, ती मापात कापायला अख्ख्या दवाखान्यात ही एकच पक्कड. मी ओरडलेच.
"अगं सिस्टर, दोन तारांनी काय झिजतंय? सणासुदीला कटकट नको."
कटकट म्हणे! पेढा तसाच टेबलावर ठेवून मी निघाले.

१२, बुध.
दसरा, तरी ड्यूटी. वॉर्डातले मापारीकाका (घाटंजीच्या मार्केटात कापसाच्या काट्यावर असतात) एका हातात लघवीची थैली सांभाळत आपट्याची पानं वाटत होते.
"सोनं घ्या सिस्टर. सोमवारी ते कॉइल बसली का हे लचांड सुटते."
पान घेतलं. त्यांचीच कॉइल त्या पक्कडीनं कापायची.

१४, शुक्र.
उरलेल्या कॉइलचा तुकडा कापून पाहिला. सुईचं टोक तपासतो तसा कापसातून ओढला. तंतू अडकला. पुन्हा कापला, पुन्हा अडकला. हेच टोक माणसाच्या आत राहणार. सरांना नेऊन दाखवला.
"पॉलिश पेपर मार. नवी नागपूरहून मागवलीय, येईल दिवाळीपर्यंत."
तोवर केस थांबवा म्हटलं.
"पेशंटलाच घाई आहे. तुला काय त्रास आहे?"
घासून पाहिलं. काही फरक नाही. चूक स्वतःची, अन् झाकायला पेशंटची घाई. तळपायाची आग मस्तकात गेली.

१५, शनि.
सरांना तोंडावर सांगितलं, ही पक्कड मी ट्रेवर ठेवणार नाही.
"मग दुसरी सिस्टर ठेवेल. तू बस घरी."
ठेवेलच. नवीन आहे, घाबरते. येताना पक्कड पर्समध्ये टाकून आणली. चोरी म्हणा. खुशाल म्हणा.

१६, रवि.
दुपारी जाऊन काकांना सगळं सांगितलं. वाटलं, बरं केलं म्हणतील. ते भडकलेच.
"मले काहून सांगतलं? गुरुवारी काटा सुरू होते. थैली लावून उभा राहू का तिथं? दुसरा मानूस उभा राह्यला का माही जागा गेली! सांगतलं नसतं तं डोये मिटून झोपलो असतो टेबलावर."
मीही चिडले. "उद्या आत टोचलं, रक्त आलं, तर शिव्या मलाच द्याल."
"तं मंग कोनाले देऊ? तुमच्या सायबाले?"
मग काकांनीच हात पुढे केला. "दाखवा."
तुकडा दिला, ड्रेसिंगचा कापूस दिला. त्यांनी ओढला. अडकला. सोडवला, परत ओढला. मग कापसासकट शर्टाच्या खिशात टाकला.
"सायबाचा राउंड कवा असते?"
"सकाळी. ऑपरेशनच्या आधी."
"मंग हे राहू द्या माह्याजवळ."
अन् भिंतीकडे तोंड करून पडले. करणार काय, ते सांगितलं नाही.
पक्कड अजून पर्समध्येच. सरांचे फोन येताहेत. मी उचलत नाहीये.