मागच्या खुर्चीवरचा परदेश

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातला आहे म्हणून पूर्ण घातलाय; प्रत्यक्षात वाकायचं त्राण सध्या अंगात नाही.) मामींची कंबर कशी आहे? माझं नाव निघालं की तुमचं ब्लडप्रेशर अजून वर जातं का? आणि तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ते फाटक? तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला गाडी शिकवायला घेतलंत, तिसऱ्याच दिवशी "क्लच, गाढवा, क्लच!" म्हणून ओरडलात, आणि त्याचा राग येऊन मी मुद्दाम क्लच दाबला नाही. तेव्हापासून ते फाटक एका बाजूला मान टाकून उभं आहे, असं आई सांगते. मीही सध्या तसाच उभा आहे.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण मागच्या वेळी फोन मीच आपटला होता. आपटलेला फोन आपणच पुन्हा कसा उचलायचा ते मला कळत नाही. शिवाय फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

बातमी अशी की माझी नोकरी सुटली. म्हणजे मी सोडली. कॉलेजही मीच सोडलं होतं. (नापास झालो म्हणून सोडलं, हे मावशीचं म्हणणं साफ खोटं आहे. सरांनी अख्ख्या वर्गासमोर माझं जर्नल मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरलं, म्हणून मी ते त्यांच्या हातून घेऊन खिडकीबाहेर टाकलं, आणि मग ते आणायला खाली गेलो तो परत वर आलोच नाही.) नोकरीचंही साधारण तसंच झालं. फक्त या वेळी खिडकी नव्हती, मोटार होती. खरं तर मोटारही नव्हती. क्रमाने सांगतो.

आमचं ऑफिस म्हणजे दवाखान्याच्या वरची एक खोली. दोन टेबलं, काही खुर्च्या, फायलींचं एक कपाट आणि भिंतभर नकाशा, ज्याचा वरचा कोपरा पंख्याच्या वाऱ्याने दिवसभर फडफडतो. परदेशात जाऊन, भाड्याची गाडी घेऊन, स्वतः चालवत देश बघायची हौस असलेल्या लोकांना आम्ही दिवसवार आखणी करून देतो: किती वाजता निघायचं, कुठे वळायचं, काय बघायचं, कुठे झोपायचं. मालकांनी फार वर्षांपूर्वी एका कुटुंबाला अशा रस्त्याने धाडलं होतं, की सहा तास वाटेत एकही संडास नव्हता. त्या कुटुंबात एक आजोबा होते. ते परत आल्यावर काठी घेऊन आमचा जिना चढून आले. त्या दिवसापासून ऑफिसचा नियम पडला: कुठलीही आखणी खुर्च्यांवर बसून पूर्ण चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही.

हसू नका, मामा. दोन खुर्च्या शेजारी मांडायच्या. चहाचा गोल ट्रे म्हणजे स्टिअरिंग. कचऱ्याच्या डब्यात उभी केलेली छत्री म्हणजे गिअर. दहा किलोमीटरला एक मिनिट, असा हिशोब. मालक हातात घड्याळ घेऊन समोर उभे राहतात आणि मनाला येईल तेव्हा "पाऊस!", "पुढे मेंढ्या!", "मागच्या पोराला उलटी!" असं ओरडतात. ट्रे माझ्या हातात असायचा. (फाटकाची गोष्ट मी मालकांना सांगितलेली नाही.) शेजारच्या खुर्चीत नकाशा मांडीवर घेऊन हॉटेलांचं बुकिंग बघणारी मुलगी बसायची.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मामींना वाचून दाखवत असाल तर इथे थोडं थांबा.

तो डोंगर-तळ्यांचा देश आम्ही दोघांनी खुर्चीवरून सतरा वेळा पार केला. चौथ्या दिवशी एक तळं लागतं, त्याच्या काठाला एक बाक आहे. आखणीत तिथे थांबायला वेळ नसायचाच, पण आम्ही थांबायचो. ती पिशवीतून थर्मास काढायची, पाय वर घेऊन बसायची आणि समोरच्या फायलींच्या कपाटाकडे बघून म्हणायची, "आज पाणी शांत आहे." आणि मामा, खोटं सांगत नाही, ते कपाट शांत दिसायचं. मालक घड्याळ बघत "उशीर होतोय" म्हणायचे, पण तेही हळू आवाजात. ज्या माणसाला वर्गात बसवलं नाही, घरात बसवत नाही, तो माणूस त्या बाकावर मुकाट बसायचा. मला एवढंच कळत होतं की असंच चालत राहावं. मी तिला कधी काही बोललो नाही. (गाडी चालवताना बोलू नये, हा तुमचाच नियम.)

सतराव्या फेरीला बोगदा आला. बोगदा आला की मालक दिवा बंद करून खिडकी लोटतात. अंधारात ती म्हणाली, "माझं ठरलं." मी म्हणालो, "कुठे वळायचं?" ती म्हणाली, "अरे, लग्न." दिवा लागला तेव्हा बोगदा संपला होता, आणि माझंही जवळजवळ सगळंच.

तरी दुष्काळात तेरावा महिना बाकी होता. मुलगा दातांचा डॉक्टर. लग्नानंतर दोघं त्याच देशात गाडीने फिरायला जाणार, आणि आखणी मीच करून द्यायची. "तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही," असं ती म्हणाली. माणसाला अशा वेळी कौतुक ऐकून लाज वाटायला हवी, पण मला राग आला. रागात मी जी आखणी केली तशी आमच्या ऑफिसात आजवर झालेली नाही. पहिल्या दिवशी युद्धातल्या मेलेल्यांची स्मशानभूमी. दुसऱ्या दिवशी मिठाची खाण, आत चार तास, वर यायला जिना. तिसऱ्या दिवशी जुना तुरुंग. पाचव्या दिवशी घाट: एकेचाळीस वळणं, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, चढ असा की थांबलेली गाडी पुन्हा उचलताना भल्याभल्यांना घाम फुटावा. आणि प्रत्येक मुक्कामी दोन वेगळ्या खाटांची खोली. एवढं सगळं लिहून झाल्यावर बघतो तर चौथ्या दिवशी तळ्याकाठचं बाक माझ्याच अक्षरात लिहिलेलं. कधी लिहिलं, देव जाणे. खोडावंसंही वाटलं नाही.

मालकांचा नियम नवरा-नवरीलाही लागू; या वेळी तर त्यांनी स्वतःच चालवून बघायचं ठरलं. मंगळवारी दुपारी दंतवैद्य आले. (दिसायला बरे आहेत. दातही बरे आहेत. मला शिवी घालायला जागा सापडेना.) ट्रे त्यांच्या हातात, नकाशा तिच्या मांडीवर, आणि मला मागे तिसरी खुर्ची. मी मागून रस्ता सांगायचा. ज्या गाडीचा मी ड्रायव्हर, तिच्यात मी मागची सीट झालो, मामा.

स्मशानभूमी त्यांना आवडली. "किती शांत वाटतं नाही?" असं ती म्हणाली. खाणीत दोघं गाणं म्हणत उतरले. तुरुंगात त्यांनी एकमेकांचे फोटो काढायचं ठरवलं. माझी आखणी पायाखालून वाळूसारखी सरकत होती. चौथ्या दिवशी मालक आपणहून म्हणाले, "तळं राहू द्या, घाट आधी घेऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घाट सुरू झाला आणि माझी नजर खाली गेली. लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी तुमच्या शिकवणीच्या गाडीत मागे बसलेला आहे. शिकणाऱ्याचं तोंड बघू नये, पाय बघावेत, पाय खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच सांगायचात. दंतवैद्य छत्री मागेपुढे करत होते आणि त्यांचे दोन्ही पाय पंगतीला बसल्यासारखे जमिनीवर स्वस्थ होते. विसाव्या वळणापर्यंत मी कळ काढली. मग म्हणालो, "डॉक्टर, क्लच कुठे आहे?"

"काय?"

"क्लच. डावा पाय. झोपलाय का तो?"

मालकांनी घड्याळ थांबवलं. दंतवैद्यांच्या कपाळावर खराखुरा घाम आला. ट्रे मांडीवर ठेवून ते तिला म्हणाले, "तुला सांगणारच होतो. लायसन्स आहे माझ्याकडे. पण मिळाल्यापासून एकदाही गाडी चालवलेली नाही. भीती वाटते मला."

मामा, मी जिंकलो होतो. आता ती चिडणार, नकाशा फेकणार, घाटात लग्न मोडणार. आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, म्हणाली, "अरे वेड्या, मग मला सांगायचं ना!" आणि छत्रीवर त्यांचा हात होता, त्यावर तिने आपला हात ठेवला. सतरा फेऱ्यांत त्या छत्रीवर तिचा हात एकदाही आला नव्हता.

मी ओरडलो, "गाडी थांबवा. मला उतरायचंय."

मालक म्हणाले, "इथे उतरता येत नाही. त्या बाजूला दरी आहे."

मी दार उघडलं (नव्हतं, तरी उघडलं), उतरलो, दार धाडकन आपटलं, आणि दरीतून सरळ चालत जिन्याकडे गेलो. रस्त्यावर आल्यावर आठवलं की पिशवी मागच्या सीटवर राहिली. ती आणायला काही मी वर गेलो नाही. एवढी परंपरा मी पाळतो.

आज सहावा दिवस. मी भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आमच्या भिंतीला ओल आली आहे, तिचा आकार त्या देशासारखाच दिसतो. मालकांनी आईला फोन केला होता: "मुलगा गुणी आहे हो, पण चालत्या गाडीतून उतरतो." आई तेव्हापासून मला जेवायला वाढते आणि काही विचारत नाही. विचारलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकूण असं आहे. प्रेमबिम माझ्या दृष्टीने संपलं आहे. तिचं नाव या घरात निघू नये अशी मी व्यवस्था केली आहे. (निघतही नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं.) मामींना नमस्कार. फाटकालाही.

तुमचा,
तुमच्याच शब्दांत, गाढव

ता. क. — यातलं मावशीला काही सांगू नका. सांगायचंच झालं तर मी नोकरी सोडली असं सांगा, रडलो असं नको.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवणार तोच ती दारात आली. पिशवी द्यायला. बसली नाही. पिशवीत आखणीचे कागद होते, तिने पेन्सिलने तपासलेले. खाण तशीच, तुरुंग तसाच, खाटा तेवढ्या जोडून घेतल्यात. फक्त चौथ्या दिवसावर काट मारली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: "हे नको. इथे आपण जाऊन आलोय."

ता. क. तिसरा — म्हणजे ज्यासाठी हे पत्र आता पाठवतोय ते. तुमचा पत्ता मी तिला दिलाय; दंतवैद्य पुढच्या सोमवारपासून सकाळी सात वाजता तुमच्याकडे येतील. त्यांना गाडी शिकवा. त्यांच्या प्रवासाला आठ आठवडे आहेत. त्यांच्यावर ओरडू नका, ते घाबरतात. चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलायला दहा वेळा नाही, शंभर वेळा लावा. मी तिला म्हणालो, घाट काढून टाकतो, सरळ रस्ता देतो. ती म्हणते, घाटच सगळ्यात छान आहे. ती ऐकत नाही. तुमच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तिथल्या गाडीत नसतो, मामा, आणि त्या सीटवर ती बसणार आहे.