साहेब आंघोळीला गेलेत

अप्पा, आज सकाळी तुम्हाला भेटायला एक माणूस आला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून कुणी येतं, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

उजाडलं की आपला दिवाणखाना भरायचा. मार्केट यार्डात माल उतरवून शेतकरी यायचे, नळाला पाणी नाही म्हणून बायका यायच्या, कुणाला मुलाची बदली हवी असायची. तुम्ही झोपलेले असा नाहीतर वैतागून गच्चीवर बसलेले असा, आईचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब आंघोळीला गेलेत. बसा, चहा घ्या.’ आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही, ही तुमची सक्त ताकीद होती. समोरचे मास्तर म्हणायचे, ‘आमचा आमदार कामं किती करतो ठाऊक नाही, पण स्वच्छ आहे एवढं नक्की.’ मला मात्र त्या माणसांचा फार राग यायचा. ती तुमच्याशी बोलून उठेपर्यंत माझी शाळेची रिक्षा आलेली असायची. मला तुम्ही हवे होतात, आणि तुम्ही सगळ्या मतदारसंघाचे होतात.

मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा फोनकडे हात नेत तुम्ही विचारलंत, ‘कुणाशी बोलू?’ मी म्हटलं, ‘अप्पा, लागलीसुद्धा. तिथे आमदाराला कोणी ओळखत नाही.’ तुम्ही हसलात, पण हात बराच वेळ फोनवरच होता. पहिल्या दिवशी मी मागच्या दारानं निघाले, तर तुम्ही चपला घालून तिथे उभे.

‘चल, बसपर्यंत येतो.’

‘आणि बाहेरची माणसं?’

‘मी आंघोळीला गेलोय.’

कोपऱ्यावर आपण कंपनीच्या बसची वाट बघत होतो. माझा डबा तुमच्या हातात. एक जण अर्ज घेऊन पुढे आला, तर त्याला म्हणालात, ‘घरी जाऊन बसा, येतोच. आत्ता मुलीबरोबर आहे.’ हे वाक्य तुमच्या तोंडून मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. बस सुटली तेव्हा डबा तुमच्याच हातात राहिला होता. दिवसभर मी उपाशी होते आणि खूप आनंदात होते.

आता समोरच्या नव्या इमारतीतली आयटीची मुलं तुमच्या नावाच्या रस्त्यावर जेवण मागवतात. तुम्ही कोण, हे त्यांच्या गावीही नाही. आजचे आजोबा मात्र लोणी काळभोरहून काठी टेकत आले. ‘साहेब हायेत का?’ मागून त्यांची सून हळूच म्हणाली, ‘काही लक्षात राहत नाही हो त्यांच्या. साहेब गेल्याचं सांगितलं की दर वेळी नव्यानं रडतात.’

मी म्हटलं, ‘आंघोळीला गेलेत. बसा, चहा घ्या.’

‘होऊ द्या निवांत,’ ते खुशीत टेकले. ‘आमाला घाई न्हाय.’

हे पत्र टाकू कुठे? तुमच्या पत्त्यावर मीच राहते. पण एक सांगते, कुणाला सांगू नका. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि मागचं दार उघडून पाहिलं.